दम आधी येतो, हाडं मागून: घाटात पळण्याची तयारी आणि दुखापतीनंतरची वाटचाल

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात पळायचं म्हणून मे महिन्यात सराव सुरू केलेल्यांची दुखणी साधारण जुलैच्या आसपास वर येतात. आधीचे पाच-सहा आठवडे मजेत गेलेले असतात. समर्थ मंदिरापासून वर निघालं की पहिल्या वळणालाच लागणारी धाप आता लागत नाही, सकाळची नाडी खाली आलेली असते, त्यामुळे अंतर वाढवलं जातं. नेमकी तेव्हाच नडगी ठणकायला लागते, नाहीतर सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाचेमागची शीर आखडलेली असते. मग बूट बदलतात, पट्टा बांधतात, कुणीतरी मालिशवाला सुचवतं. दोष बहुतेक वेळा बुटांचा नसतो. दम ज्या वेगाने वाढला त्या वेगाने नडगीचं हाड आणि टाचेची कंडरा, म्हणजे तीच शीर, बदललेली नसते.

पुढचं सगळं नियोजन याच एका गोष्टीवर उभं आहे. पहिल्यांदा घाटात उतरणाऱ्याला ते लागू आहे, तसंच प्लास्टर काढून पुन्हा चालायला लागलेल्यालाही. फरक फक्त सुरुवात कुठून करायची एवढाच.

कुठला भाग किती दिवसांत बदलतो

ताण पडला की शरीर आधी थोडं खचतं, मग सावरतं आणि सावरताना पहिल्यापेक्षा थोडं जास्त बांधून घेतं. हाडाची घडण त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं होतं. सराव करणाऱ्याला त्यापुढचा प्रश्न पडायला हवा: किती दिवसांत?

रक्त सगळ्यात लवकर बदलतं. नियमित पळायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग साधारण एक दशांशाने वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि तेवढ्याच वेगाला नाडी कमी लागते. मेमध्ये सुरुवात केली तर उन्हाची सवयही याच काळात, ७ ते १४ दिवसांत होते. पण हे जसं लवकर येतं तसं लवकर जातंही. आठवडा-दोन आठवडे खाट धरली की पहिल्या दिवशी दम लागतो तो त्यामुळे.

ताकद पहिले ४ ते ६ आठवडे वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंमुळे, कारण मेंदू स्नायूचे जास्त धागे एकदम कामाला लावायला शिकतो. पोटरी-मांडी डोळ्यांना भरलेली दिसायला त्यापुढचे आठवडे लागतात.

कंडरा, म्हणजे डॉक्टर ज्याला टेंडन म्हणतात ती, फार सावकाश बदलते. तिला रक्तपुरवठा कमी असतो. जोराचा व्यायाम झाल्यावर पहिला दिवस-दीड दिवस तिच्यातल्या कोलॅजन या चिवट प्रथिनाची बांधणीपेक्षा मोडच जास्त होते. त्यानंतर बांधणी पुढे जाते आणि हे काम तीन दिवसांपर्यंत चालतं. म्हणून चढावरचे वेगाचे फेरे, उड्या, वजन घेऊन टाचा उचलणं यांत ४८ ते ७२ तासांचं अंतर हवं. रोज केलं तर मोड साठत जाते. कंडरेत मोजता येण्यासारखा बदल दिसायला १२ आठवडे धरून चाला.

हाडाचा हिशेब सगळ्यात फसवा आहे. नव्या भाराला उत्तर म्हणून शरीर आधी जुनं हाड कुरतडून काढतं, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. त्या खड्ड्यांत नवं हाड भरून ते घट्ट व्हायला पुढचे तीनेक महिने जातात. म्हणजे सराव सुरू झाल्यानंतर मधल्या काही आठवड्यांत नडगीचं किंवा पावलाचं हाड तात्पुरतं पहिल्यापेक्षा कच्चं असतं. नेमक्या याच आठवड्यांत तुमचा दम तुम्हाला आणखी पळायला सांगत असतो.

माण तालुक्यातल्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. अशा धावपटूचा आठवड्याचा आकडा कुठेतरी वाचून तो उचलू नका. त्या आकड्याखाली कित्येक वर्षांचं घडलेलं हाड असतं.

निघण्याआधी

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल, चढावर छातीत दडपण येत असेल, तर आधी डॉक्टरांकडून ईसीजी वगैरे करून घ्या. बाकीच्यांनी चार गोष्टी तपासून वहीत लिहाव्यात.

भिंतीला फक्त बोटं टेकवून, गुडघा सरळ ठेवून, एका पायावर टाच उचला: दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. प्रत्येक पायाला २० ते २५ जमायला हवेत. दोन्ही पायांत चार-पाचपेक्षा जास्त फरक असेल तर कमजोर पाय आधी भरून काढा, घाट नंतर. मग साध्या खुर्चीतून एका पायावर, हात न टेकता, उठून बसा; ८ ते १० वेळा. गुडघा आत पडत असेल तर मोजणी तिथेच थांबवा. एका पायावर ३० सेकंद उभं राहून पाहा. आणि सलग पाच दिवस सकाळी उठायच्या आधी, पडल्या पडल्या, पूर्ण मिनिट नाडी मोजून सरासरी काढा. ही सरासरी पुढे फार उपयोगी पडते: दोन-तीन दिवस नाडी तिच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसली तर त्या दिवशी चालायचं, पळायचं नाही.

भार मोजायचा कसा

किलोमीटर हे माप घाटात खोटं बोलतं. शाहू स्टेडियमवरचे पाच किलोमीटर आणि अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावरचे पाच किलोमीटर एक नव्हेत. त्यापेक्षा सोपं आणि खरं माप असं: व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, दहापैकी किती कष्ट पडले? तो आकडा गुणिले मिनिटं. तीस मिनिटं आरामात, पूर्ण वाक्यं बोलत पळालात तर कष्ट ४, भार १२०. असे आठवड्यातले तीन दिवस म्हणजे ३६०. ताकदीचे दोन दिवस, प्रत्येकी ३० मिनिटं, कष्ट ५, म्हणजे ३००. आठवड्याचा भार ६६०.

आता समजा पुण्याहून मित्र आले आणि रविवारी कासच्या रस्त्याला साडेतीन तास चढउतार झाला, कष्ट ६. त्या एका सकाळीचेच १,२६० होतात. एका दिवसात दोन आठवडे. त्या रविवारी काहीच होत नाही, दुखणं दहा-बारा दिवसांनी येतं आणि तोवर कारण विसरलेलं असतं.

चालू आठवड्याचा भार मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या सव्वापट ते फार तर दीडपट यापुढे जाऊ देऊ नका. या गुणोत्तरावर संशोधकांत वाद आहेत आणि ते काही अटळ नियम नव्हे. पण वहीत लिहिलेला हा आकडा हुरूप आवरायला चांगला कामाला येतो. दर चौथ्या आठवड्यात भार ३० ते ४० टक्क्यांनी उतरवा. ही सुट्टी नव्हे, हाड भरायला दिलेला वेळ आहे.

शरीराला भाराचं मूळ कळत नाही. सातारा किंवा कुपवाड एमआयडीसीतली रात्रपाळी, ऊसतोडीच्या हंगामातली धावपळ, घरातलं आजारपण, हे सगळं त्याच खात्यात पडतं. पाळी बदलली त्या आठवड्यात घाटाचा सराव वाढवू नये.

सोळा आठवडे

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्याच्या शेवटी होते: २१.१ किलोमीटर, ढोबळमानाने अर्धी वाट चढ आणि तीच वाट परत उतार. त्या हिशेबाने मेच्या सुरुवातीला कामाला लागावं.

पहिले चार आठवडे सपाटीवर. आठवड्यातून तीन दिवस, दोन मिनिटं पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं ३० मिनिटं. चौथ्या आठवड्याअखेर सलग २०-२५ मिनिटं. दम असला तरी यापुढे जायचं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून हाडासाठी जागच्या जागी उड्या मारा: दहापासून सुरुवात, आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू ४०-५० पर्यंत. हाडातल्या पेशी थोड्याच ठोक्यांनंतर बधिर होतात आणि पुन्हा दाद द्यायला त्यांना काही तास लागतात. म्हणून एकदम शंभर उड्यांपेक्षा सकाळी २५ आणि संध्याकाळी २५ जास्त फळ देतात.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात चढ घ्या. अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता याला उत्तम. वर पळत किंवा झपझप चालत, कष्ट ६ पर्यंत. त्या दिवशी खाली मात्र चालत यायचं. चढ हृदयाला महाग पडतो पण स्नायूंना स्वस्त, उताराचं बरोबर उलटं आहे. दोन्ही एकाच दिवशी वाढवले तर काय सोसलं नाही ते कळत नाही.

नवव्या ते तेराव्या आठवड्यात यवतेश्वर घाट, आठवड्यातून एकदा, बाकी दिवस सपाटी. लांब सरावाची वेळ दर आठवड्याला १० मिनिटांनी वाढवत दोन-सव्वादोन तासांपर्यंत न्या, बाराव्या आठवड्यात मात्र कमी करा. चौदावा आठवडा सगळ्यात जड. पंधरा-सोळा उतरते.

सांगलीकरांची अडचण वेगळी, तिथे चढ म्हणून आयर्विन पुलाचा चढाव मिळतो फार तर. आमराई आणि कृष्णाकाठ हे पहिल्या चार आठवड्यांसाठी साताऱ्यापेक्षाही बरे. त्यानंतर पंधरवड्यातून एकदा मिरजेच्या पुढे दंडोबाचा डोंगर गाठा. मधल्या आठवड्यात जिन्यांवर भागवा: चार मजली इमारत, चालत वर, चालत खाली, आठ ते दहा फेऱ्या. लिफ्टने खाली येऊ नका. सांगलीहून येणाऱ्यांचा दम पुरतो. मांड्या निकामी होतात त्या परतीच्या उतारावर.

जून-जुलैत घाटात धुकं, शेवाळ आणि वरून सुटलेले दगड, तिन्ही असतात. उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा, अंगात भडक कपडे घाला. शनिवार-रविवारी कासला जाणाऱ्या गाड्या वाढायच्या आत खाली परत या.

उतार

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. घाट उतरताना एसटीचा ड्रायव्हर गाडी न्यूट्रल न करता गिअरवर धरतो, तसं हे काम आहे. या प्रकारच्या जोराने स्नायूचे धागे सूक्ष्म पातळीवर फाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात त्या यामुळे. त्याला लॅक्टिक ॲसिड कारण नाही. ते व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात निचरून गेलेलं असतं.

चांगली गोष्ट अशी की एकदा सोसलेला उतार पुढचे काही आठवडे संरक्षण देतो. तोच उतार दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा पळालात तर दुखणं निम्म्याहूनही कमी वाटेल. त्यामुळे उताराची मात्रा वेगळी लिहून ठेवायची. सहाव्या आठवड्यात १ किलोमीटर, मंद उतार, आरामात. मग सात ते दहा दिवसांनी एकेक किलोमीटर वाढवा. चौदाव्या आठवड्यात ७-८ किलोमीटर झाले की पुरे. एका किलोमीटरला हजार-बाराशे पावलं पडतात, प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट धक्का. शर्यतीतली पूर्ण उतरंड आधी तालीम म्हणून पळून बघायची गरज नाही, त्याची किंमत फार असते.

पाऊल कसं पडतं ते एकदा कुणाकडून तरी बाजूने मोबाइलवर चित्रित करून घ्या. मागे रेलून, पाय लांब टाकून, टाच पुढे आपटत येणारे बरेच जण दिसतात. त्यांची गुडघ्याची वाटी आठवडाभर कुरकुरते. मिनिटाला पडणारी पावलं मोजा आणि ती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा: १६० असतील तर १६८ ते १७६. पाऊल आपोआप आखूड होतं, पोटाखाली पडतं आणि गुडघ्यावरचा भार उतरतो. नजर आठ-दहा पावलं पुढे. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवरून पळू नका, त्यांवर बूट सटकतात.

ताकद

दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास. खाली दिलेलं पुरेसं आहे, जिम लागत नाही.

पायरीच्या कडेला पावलाचा पुढचा भाग टेकवून टाच उचलणं: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, दोन्ही पायांवर १५ चे तीन फेरे. दोन आठवड्यांनी एका पायावर. मग पाठीवर सॅक घेऊन त्यात पाच-पाच किलोच्या आट्याच्या किंवा तांदळाच्या पिशव्या भरत जा आणि वजन वाढेल तशी संख्या १५ वरून १०, १० वरून ८ अशी उतरवा. हाच व्यायाम गुडघा थोडा वाकवूनही करा, त्याने पोटरीतला खालचा स्नायू कामाला लागतो. चढावर खरं काम तोच करतो. बैठका सावकाश, खाली जाताना तीन सेकंद, १० चे तीन फेरे. वीतभर उंच पायरीवरून एका पायावर टेकत खाली उतरणं, १० चे तीन. बाजूने फळीसारखं अंग धरणं, ३० सेकंदांचे दोन.

जोर-बैठकांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सांगलीच्या बाजूला तालमीचं वळण असलेल्या घरांत पहिल्याच दिवशी तीनशे-चारशे बैठका मारायची ईर्षा असते. पहिलवानाचा आकडा वर्षांच्या मेहनतीचा असतो. नवख्याने एकदम तेवढ्या मारल्या तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यातला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंड निकामी करू शकतो. एक-दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या सुजल्या, बसता-उठता येईना आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ‘अंग मोडून निघतंय, होईल बरं’ म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना, रक्तात सीपीके तपासणी (स्नायू किती फुटले ते तीत कळतं). नवख्याने २० चे तीन फेरे, दिवसाआड, आणि दर वेळी दहा-पंधरा वाढवाव्यात. महिनाभर खंड पडलेल्याने जुन्या आकड्याच्या एक तृतीयांशापासून. उन्हात, कमी पाणी पिऊन, ताप असताना तर अजिबात नको.

दुखलं तर

तीन दुखणी ओळखता आली पाहिजेत, कारण तिघांचा उपचार वेगळा.

स्नायूचं दुखणं पसरलेलं असतं, दोन्ही पायांत असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाऊन उतरतं. हलका चालण्याचा व्यायाम चालू ठेवा.

कंडरेचं दुखणं सकाळी पहिल्या पावलांना जास्त, थोडं चाललं की मोकळं, आणि सराव संपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा. पूर्ण विश्रांती घेतली की बरं वाटतं आणि पळायला लागलं की परत येतं, कारण विश्रांतीने कंडरा बळकट होत नाही. तिला मोजून भार द्यावा लागतो.

हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं. नडगीच्या कडेवर बोट दाबलं की एकाच जागी कळ. एका पायावर उडी मारली की त्याच जागी. पुढे रात्रीही ठणका. इथे पळणं तिथल्या तिथे बंद. साध्या एक्स-रेत पहिले दोन-तीन आठवडे काही दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर विसंबून पुन्हा पळू नका. हाडांच्या डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. जांघेत खोल दुखत असेल आणि पाय टेकवताना वाढत असेल तर ते खुब्याच्या हाडाचं असू शकतं, त्यात एक दिवसही दवडू नये. नडगीच्या आतल्या बाजूने वीतभर पसरलेलं दुखणं याहून सौम्य, पण त्याच वाटेवरचं.

परत उभं राहताना

वेदनेला शून्य ते दहा आकडा द्या. स्नायू आणि कंडरेला व्यायामात ३ पर्यंत खुशाल चालेल. कंडरेला ५ पर्यंतही, पण दोन अटींवर: दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं पूर्वपदावर आलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. हाडाची शंका असेल तर फक्त शून्य.

टाचेच्या कंडरेसाठी सुरुवात टाच अर्धी उचलून ४५ सेकंद धरण्याने, असे पाच, मध्ये दोन मिनिटं विसावा. दुखणं ३ च्या आत आलं की वर सांगितलेल्या सावकाश टाचा, आठवड्यातून तीन दिवस, वजन वाढवत, १२ आठवडे. चौथ्या आठवड्यात बरं वाटतं आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. दुखणं टाचेच्या अगदी हाडाजवळ असेल तर पायरीवरून टाच खाली लोंबकळू देऊ नका, जमिनीवरच करा. खाली गेली की कंडरा हाडावर दाबली जाते.

घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल तर एक्स-रे. नसेल तर पहिले दोन-तीन दिवस पट्टी आणि पाय उंच, आणि दुसऱ्या दिवसापासूनच पाऊल वर-खाली हलवायला सुरुवात. महिनाभर क्रेप बँडेज गुंडाळून ठेवलेला घोटा पुन्हा मुरगळतो, कारण तोल सांभाळण्याची जाण परत आलेली नसते. एका पायावर उभं राहणं, मग तेच डोळे मिटून, मग उशीवर.

प्लास्टर काढल्यावर एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं, तो निकाल फक्त हाडाचा असतो. सहा आठवडे बांधलेल्या पायाची पोटरी दिसण्याइतकी वाळते, ती भरायला निदान तीन महिने धरा. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या थॉमस डिलॉर्म या डॉक्टरांनी जखमी सैनिकांसाठी मांडलेली रीत आजही चालते: जेमतेम १० वेळा उचलता येईल ते वजन शोधा, पहिला फेरा त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने. आठवड्याने पुन्हा शोधा. गुडघ्यात सूज असेल तर मांडीचा स्नायू मनात असूनही जोर लावत नाही, सूजच त्याला दाबून ठेवते. म्हणून रोज सकाळी वाटीच्या मध्यावर टेप लावून घेर मोजा. आदल्या दिवसापेक्षा १ सेंटिमीटर वाढला तर कालचा व्यायाम जास्त झाला.

पळायला परतण्याआधी तीन अटी: ३० ते ४० मिनिटं झपाट्याने चालून दुसऱ्या दिवशी काही नाही, दुखऱ्या पायावर टाचा उचलण्याची संख्या चांगल्या पायाच्या ९० टक्के, एका पायावर दहा-दहा उड्यांचे तीन फेरे विनावेदना. मग एक दिवसाआड:

पहिली पायरी: १ मिनिट पळणं, ४ मिनिटं चालणं, सहा वेळा.
दुसरी: २ आणि ३.
तिसरी: ३ आणि २.
चौथी: ४ आणि १.
पाचवी: १२ मिनिटं सलग, ३ मिनिटं चाल, पुन्हा १२.
सहावी: २५ ते ३० मिनिटं सलग, सपाटीवर.

प्रत्येक पायरी किमान दोनदा. दुखलं तर एक पायरी मागे, दोन दिवस थांबून. सहावी पायरी दोन आठवडे टिकली की चढ, आणि चढानंतर तीन आठवड्यांनी उतार.

कबड्डीत किंवा कुस्तीत गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतून हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट, तुटून शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी ही यादी नाही, त्यांचं काम फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालीच. एवढं मात्र माहीत असावं: बसवलेला नवा लिगामेंट सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सगळ्यात कच्चा असतो आणि नेमका तेव्हाच गुडघा दुखायचा थांबतो. गावच्या यात्रेचं मैदान जवळ आलं म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यात मातीत उतरणं म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेणं. नऊ महिने आणि दोन्ही पायांच्या ताकदीत, उडीत ९० टक्के बरोबरी, हे दोन्ही जमल्याशिवाय नाही.

खुराक, झोप, गोळ्या

प्रथिनं दिवसाला, किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत: ६० किलोच्या माणसाला साधारण ९५ ग्रॅम. भाकरी आणि आमटीत ते बसत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७-८, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. चार वेळांत वाटून खा. हळदीचं दूध प्यायला हरकत नाही, सांगलीत तर नाहीच. पण भरणारं त्यातलं दूध आहे.

झोप सात ते नऊ तास. पाच तास झोपून पहाटे साडेचारला घाट गाठण्यापेक्षा त्या दिवशी झोपलेलं बरं.

बायकांनी पाळी लक्षात ठेवावी. सराव वाढला, वजन उतरलं आणि पाळी तीन महिने आली नाही, तर ते ‘फिटनेस’चं लक्षण नाही: खाणं कमी पडतंय आणि हाडं झिजायला लागली आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, तोवर उड्या आणि उतार बंद.

वेदनाशामक गोळी खाऊन घाटात पळू नये. वेदना कळली नाही म्हणजे मोजण्याचं साधनच गेलं. शिवाय आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पडलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

शेवटचे दोन आठवडे

शेवटचा लांब उतार शर्यतीच्या १० ते १४ दिवस आधी. त्याआधी खूप लवकर केला तर संरक्षण ओसरतं, नंतर केला तर मांड्या भरलेल्याच राहतात. पंधराव्या आठवड्यात भार ६० टक्क्यांवर, सोळाव्यात ४० वर. दिवस कमी करू नका, मिनिटं कमी करा, आणि दोनदा चार-पाच मिनिटं शर्यतीच्या वेगाने पळा. ताकदीचे व्यायाम शर्यतीच्या पाच दिवस आधी थांबवा. या काळात पाय जड वाटतात, नव्या जागी दुखल्याचे भास होतात. वहीतली सकाळची नाडी जागेवर असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका. एका बोटाने दाखवता येणारं दुखणं असेल तर मात्र बिब नंबर घरी ठेवा आणि त्या रविवारी पाणी वाटायला उभे राहा. शर्यतीनंतर जिना उतरता येतो का यावरून ठरवू नका. सपाटीवर पहिलं पळणं सात दिवसांनी, घाट तीन आठवड्यांनी.